उभ्या गाडीचा ब्रेक

कुर्डुवाडी म्हटले की बाहेरच्या माणसाला धावत्या गाड्या आठवतात. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग, लातूरकडून आणि मिरजेकडून इथे येऊन मिळणारी दुसरी लाइन, अपरात्री फलाटावर पथारी टाकून पुढच्या गाडीची वाट बघणारे पंढरपूरचे वारकरी. पण गावातल्या माणसाच्या डोळ्यांना धावत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त वेळ दिसते. यार्डात थांबलेले मालडबे, आगारात मुक्कामाला आलेल्या एसटी, गाळप सुरू झाले की टेंभुर्णीच्या रस्त्याकडेला लागलेल्या उसाच्या ट्रॉल्या, बाजारच्या दिवशी भुसार दुकानांपुढचे टेंपो. गावाचा निम्मा कारभार गाड्या चालवण्याचा असेल, तर निम्मा त्या जागच्या जागी धरून ठेवण्याचा आहे.

धावत्या गाडीवर माणूस बसलेला असतो. त्याची नजर रस्त्यावर असते, पाय ब्रेकपाशी असतो, इंजिन चालू असते, नळ्यांतून तेल किंवा हवा खेळत असते. उभी गाडी मात्र एकटी असते. चालक चहाला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात, इंजिन थंड. अशा एकट्या गाडीला जो भाग धरून ठेवतो त्याला आपण हँडब्रेक म्हणतो आणि एरवी विसरून जातो. गाडीच्या साऱ्या यंत्रणेत मला त्याच्याइतके जवळचे दुसरे काही वाटत नाही. बाकीचे भाग माणूस असताना काम करतात. याचे काम माणूस उतरल्यावर सुरू होते.

टेंभुर्णी रस्त्यावरच्या एका गॅरेजात मागचे चाक काढून ठेवलेली एक जुनी मोटार बघायला मिळाली आणि हे काम कसे चालते ते डोळ्यांना दिसले. मिस्त्रीने ड्रमच्या कडेवर चारही अंगांनी हातोडीचे हलके ठोके दिले, तसा तो ओतीव लोखंडाचा डबा सैल होऊन हातात आला. आत लायनरची काळी भुकटी साचली होती. फडक्याने ती पुसली तेव्हा समोर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक शू दिसले, पाठीला लायनर चिकटवलेले, एकमेकांकडे स्प्रिंगांनी खेचून धरलेले. वरच्या बाजूला दोघांच्या मध्ये तेलाचा छोटा सिलिंडर. पायाचा ब्रेक दाबला की याच सिलिंडरात तेलाचा दाब येतो, त्यातले दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमला भिडतात.

हँडब्रेकची वाट वेगळी. एका शूला पाठीमागून एक चपटी लोखंडी पट्टी जोडलेली असते, बिजागरीवर फिरणारी. तिच्या खालच्या टोकाला तारेची केबल अडकवलेली असते. पट्टीपासून दुसऱ्या शूपर्यंत एक आडवी सळई गेलेली असते. मिस्त्रीने हाताखालच्या पोराला आत बसून लीव्हर ओढायला सांगितले. आतून कट-कट आवाज आला. इकडे केबल बोटभर पुढे सरकली, पट्टीचे खालचे टोक तिच्याबरोबर गेले, वरच्या टोकाने आडव्या सळईला रेटा दिला, सळईने समोरच्या शूला ढकलले, आणि त्या ढकलण्याच्या उलट जोराने पहिला शूही आपल्या बाजूला सरकला. एका तारेची एक ओढ, आणि दोन्ही शू दोन दिशांना. किती सरकले असतील? मिलिमीटरभर. हात आत चांगला वर आलेला, आणि इथे हालचाल जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढी. अंतर देऊन ताकद घ्यायची, हा तरफेचा सौदा इथे दोनदा होतो: एकदा आसनाशेजारच्या लीव्हरमध्ये आणि एकदा ड्रमच्या आत. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या ओढीलाही टनभराची मोटार मानते.

केबल दोन चाकांकडे जायची तर ओढ दोघांना सारखी मिळायला हवी. त्यासाठी गाडीच्या पोटाखाली एक आडवी पट्टी असते. लीव्हरकडून आलेली ओढ तिच्या मधोमध लागते आणि दोन टोकांना दोन चाकांच्या केबली असतात. दोन बैलांच्या मानेवर जू असते तसेच हे. एक केबल ताणून थोडी जास्त लांबली असेल तर पट्टी किंचित तिरकी होते आणि दुसरीचा हिस्सा तिला पोहोचवते. गंजून ती पट्टी जागेवरच धरली गेली, तर एकच चाक धरते आणि दुसरे मोकळे राहते. चालकाला लीव्हर घट्ट लागतो, म्हणून तो निर्धास्त असतो.

आता त्या कट-कट आवाजाकडे येऊ. लीव्हरच्या बुडाशी दातेरी पट्टी असते आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला खटका. दातांची एक बाजू उतरती, दुसरी उभी. लीव्हर वर ओढताना खटका उतारावरून घसरत पुढच्या दातात पडतो. परत खाली यायला मात्र उभी बाजू त्याला अडवते. केबल मागे खेचत राहते, खटका दाताला आणखी घट्ट टेकतो. गाडी जितका जोर करेल तितकी पकड पक्की होते. बटण दाबून खटका उचलेपर्यंत ही अडवणूक तशीच राहते, रात्रभर, आठवडाभर. तिला वीज लागत नाही, तेल लागत नाही, हवा लागत नाही. दात झिजला नसेल, तार तुटली नसेल आणि लायनर शाबूत असेल, तर एवढ्यावर भागते.

ड्रमच्या पोटात आणखी एक गोष्ट घडते, ती मला फार हुशारीची वाटते. उतारावर गाडी सरकू पाहते तेव्हा ड्रम किंचित फिरू पाहतो. फिरता फिरता तो दोहोंपैकी एका शूला आपल्याबरोबर ओढतो, आणि त्या ओढीने तो शू ड्रमवर अधिकच दाबला जातो. म्हणजे सुटू बघणारी गाडी स्वतःच्याच जोराने स्वतःला बांधून घेते. शिवाय जागच्या जागी धरलेल्या दोन पृष्ठभागांतले घर्षण एकमेकांवर घसरणाऱ्या पृष्ठभागांतल्या घर्षणापेक्षा जास्त असते. गाडी हलायच्या आत धरली तर थोड्या जोरात धरली जाते. एकदा चाक फिरले की तोच ब्रेक कमी पडू लागतो. उभ्या गाडीच्या बाबतीत पहिले बोटभर अंतर सगळ्यात महत्त्वाचे.

जोर किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. पाचास एक असा चढ असेल, म्हणजे पाच मीटरला एक मीटर, तर गाडीच्या दर टन वजनामागे सुमारे २०० किलोचा जोर तिला खाली ओढतो. मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत हीच कसोटी आहे: भरलेली गाडी २० टक्के चढावर, तोंड वर असो वा खाली, नुसत्या पार्किंग ब्रेकवर उभी राहिली पाहिजे, आणि लीव्हर ओढायला हाताला सुमारे ४० किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६ वा नियम मोटारीला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत असे सांगतो, एक पायाचा आणि एक पार्किंगचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम तर थेट चालकाला उद्देशून आहे. परवानाधारक माणूस आसनावर नसेल, तर इंजिन बंद करून आणि ब्रेक लावून, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा काही बंदोबस्त करूनच ती सार्वजनिक जागी उभी ठेवावी, असा त्याचा आशय आहे. परवान्याच्या परीक्षेआधी सिग्नलच्या पाट्या पाठ करणाऱ्या मुलांना हे कलम कुणी शिकवताना मी ऐकलेले नाही. ते शिकवायला हवे.

मोटारीचे झाले. कुर्डुवाडीत राहून रेल्वेबद्दल न बोलणे मला जमणार नाही, आणि हँडब्रेकची खरी परीक्षा होते ती रुळांवरच.

रूळ डोळ्यांना सपाट दिसतात. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, आणि चाकाच्या आसाला रोलर बेअरिंग, म्हणजे सरकायला अडथळा जवळपास नाहीच. भारतीय रेल्वेत स्थानकाच्या यार्डाचा उतार एरवी चारशेस एक यापेक्षा तीव्र चालत नाही, आणि नव्या यार्डांसाठी बाराशेस एक इतका सौम्य उतार असावा अशी शिफारस आहे. चारशेस एक म्हणजे चारशे मीटर चालल्यावर एक मीटर खाली. पायी जाणाऱ्याला कळणारही नाही. पण भरलेला मालडबा ८० टनांचा धरला तर तेवढ्या उतारावरही त्याला २०० किलोचा रेटा मिळत राहतो. मोठा वारा सुटला, मागून दुसरा डबा येऊन हलकेच टेकला, की तो निघाला. सुरुवातीला माणसाच्या चालीने, मग धावत्या माणसाच्या. नंतर त्याला कोणी गाठू शकत नाही.

गाडीला हवेचा ब्रेक असतोच ना, असे कुणी विचारील. असतो, आणि तो फार चांगला असतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची नळी जाते, तिच्यातला दाब उतरला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा ब्रेक दाबते. गाडी मधोमध तुटली तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. पण तो ब्रेक शेवटी हवेच्या साठ्यावर उभा आहे. इंजिन काढून नेले, डबे तसेच ठेवले, की टाक्यांतली हवा कुठल्या ना कुठल्या सांध्यातून हळूहळू झिरपते. काही तासांनी ती गेली की ब्रेकचे ब्लॉक चाकावरून सुटतात, आणि कालपर्यंत घट्ट उभी असलेली गाडी आज नुसती रुळांवर ठेवलेली असते.

म्हणून मालडब्याच्या अंगाला हाताने फिरवायचे लोखंडी चाक असते. जुन्या चारचाकी डब्यांना लांब दांडा असे, तो खाली दाबून भोकांच्या पट्टीत खीळ घालायची. आता चाक फिरवले की आट्यांचा दांडा फिरतो, तो डब्याखालच्या सळया ओढतो आणि ब्लॉक चाकांवर आवळले जातात. इथे दात नाहीत, खटका नाही. धरून ठेवतात ते आटे. आट्यांचा चढ इतका मंद असतो की दांडा फिरवून सळई ओढता येते, पण सळईने कितीही ओढले तरी दांडा उलटा फिरत नाही. मध्ये घर्षण आडवे येते. गार्डच्या ब्रेकव्हॅनमधले उभे चाकही याच आट्यांवर चालते. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या गावात अजून कुणाच्या तोंडी ते नाव बसलेले नाही. डबे यार्डात ठेवायचे तर हँडब्रेक आवळायचे, चाकाखाली लाकडी पाचरी सारायच्या, साखळी-कुलूप घालायचे, हे सगळे माणसाने डब्या-डब्यापाशी चालत जाऊन करायचे काम आहे. उन्हाळ्यात दुपारी ते चाक तळहाताला भाजते. तरीही प्रत्येक डब्यापाशी थांबून ते फिरवावेच लागते, मोजून तेवढे.

ते न झाल्यास काय होते, हे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी देशाने पाहिले. जम्मू भागातल्या कठुआ स्थानकावर खडीने भरलेली ५३ डब्यांची मालगाडी उभी होती. चालक उतरलेला. गाडी उताराला लागली ती पंजाबात उंची बस्सीपर्यंत, ७० किलोमीटरहून जास्त, कोणीही चालवत नसताना धावत गेली. पुढची फाटके बंद करून मार्ग मोकळा केला गेला, शेवटी रुळांवर लाकडी ठोकळे आणि वाळूची पोती टाकून ती थांबवली. कुणाचा जीव गेला नाही. हँडब्रेक लावले नव्हते, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले.

कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाच्या वाट्याला असे दैव आले नाही. ६ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी गावाच्या वरच्या अंगाला उतारावर उभी होती. इंजिन चालू होते, त्याची हवा ब्रेक धरून होती. इंजिनाला आग लागली म्हणून अग्निशामक दलाने ते बंद केले. हवा भरणारे यंत्र थांबले, हवा झिरपत गेली, आणि गाडी निघाली. अकरा-साडेअकरा किलोमीटर खाली येऊन ती गावाच्या मधोमध उलटली आणि पेटली. ४७ माणसे गेली. हँडब्रेक लावलेले नव्हते असे नाही. सात लावले होते. तपास करणाऱ्या मंडळाने म्हटले की निदान सतरा तरी हवे होते. आणि एक बारीक गोष्ट त्या अहवालात आहे, ती माझ्या मनातून जात नाही. चालकाने हँडब्रेक लावून गाडी ढकलून पाहिली होती, ती हलली नव्हती. पण त्या वेळी इंजिनांचा हवेचा ब्रेकही लागलेलाच होता. गाडीला हवेने धरले होते, आणि हिशेबात ते हँडब्रेकच्या नावावर पडले.

यावर मी खूप विचार केला आहे. दोन ब्रेक एकदम लागलेले असताना त्यातला कुठला धरून आहे हे कळत नाही. हँडब्रेकची परीक्षा घ्यायची तर बाकीचे सगळे सोडून द्यावे लागतात. ही गोष्ट ७२ टाक्यांच्या गाडीला जितकी लागू, तितकीच घरापुढच्या मोटारीला.

आमच्या गावाचा हाताच्या ब्रेकशी संबंध आणखी एका वाटेने आहे. बार्शी लाइट रेल्वेची पहिली गाडी १८९७ मध्ये इथून बार्शीला गेली. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १९०६ मध्ये ती लाइन पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचे रुंद रूळ झाले. ती उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज इंजिनिअर पुढे वेगळ्याच कामाला लागले. त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून गेले, आणि कॅलथ्रॉप विमानातून उडी मारणाऱ्यासाठी पॅराशूट बनवू लागले. ‘गार्डियन एंजल’ हे त्याचे नाव. बार्शीच्या लाइनचा माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात अशा वस्तूत रमला, जी बाकी सगळे संपल्यावर उपयोगी पडते, याचे मला अप्रूप वाटत आले आहे.

त्या अरुंद रुळांसाठी उभा राहिलेला रेल्वेचा कारखाना कुर्डुवाडीत अजून चालू आहे. आपली छोटी गाडी गेली, पण नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे इथे बनतात आणि दुरुस्त होतात. माथेरानची लाइन १९०७ ची, सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली, सुमारे २१ किलोमीटर लांब, रूळ दोन फुटी. तिचा चढ जागोजाग वीसास एक आहे. यार्डातल्या चारशेस एकशी ताडून पाहा: वीसपट. तिथे दर टनामागे ५० किलोची ओढ आहे, आणि तीही वळणा-वळणाच्या दरीकाठी. या गाडीवर वर्षानुवर्षे डब्यांच्या मध्ये ब्रेक सांभाळणारी माणसे उभी राहत आली. चालकाने शिट्टीचा इशारा दिला की सगळ्यांनी आपापले चाक फिरवून ब्रेक आवळायचे, दुसरा इशारा मिळाला की सोडायचे. उतरताना गाडीचा वेग त्यांच्या मनगटांवर असे. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या दोन घटनांनंतर ही गाडी बंद ठेवली गेली, डब्यांना हवेचे ब्रेक बसवले, आणि मग ती पुन्हा सुरू झाली. ते योग्यच झाले. पण हवेचा ब्रेक आला म्हणून हाताचा निकामी होत नाही. डबा यार्डात एकटा उभा राहणार तेव्हा त्याला हाताचाच ब्रेक लागणार. सपाट माळावरच्या आमच्या गावातल्या फिटरांच्या हातून डोंगरातल्या गाडीचे हे काम होते, आणि ते मला गावाच्या मानाचे वाटते.

ट्रक आणि नव्या बसच्या बाबतीत इंजिनिअरांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. त्यांच्या मागच्या चाकांशी एका डब्यात दणकट स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवेचा दाब तिला मागे धरून ठेवतो. चालकाने पार्किंगची खुंटी ओढली की हवा फुस्सकन निघून जाते, स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक आवळते. नळी फुटली, गळती झाली, रात्रभरात सारी हवा गेली, तरी होईल ते इतकेच की ब्रेक लागेल. सकाळी आगारात एसटीचे इंजिन सुरू करून ड्रायव्हर हवा भरायची वाट बघतो, ती ही स्प्रिंग मागे ढकलायला. हवा नसणे हीच जिथे सुरक्षित अवस्था ठरते, ती रचना मला माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई वाटते.

नव्या मोटारींत लीव्हर जाऊन बटण आले आहे. बटण दाबले की मागच्या चाकापाशी मोटर घरघरते. पण ती मोटर नुसती आटे फिरवते. फिरवून झाले की वीज बंद होते, आणि रात्रभर गाडी धरतात ते आटेच, मालडब्याच्या अंगावरच्या चाकाचे असतात तसे. जी गोष्ट यार्डातल्या खलाशाच्या तळहातांना ठाऊक होती ती आता बटणामागे गेली, इतकेच.

सगळ्यात वाईट अवस्था आहे ती आमच्याकडच्या उसाच्या ट्रॉल्यांची. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे पेडल असतात, शेतात वळायला सोयीचे म्हणून. रस्त्यावर येताना ते दोन्ही एका कडीने जोडायचे असतात, आणि उभे करताना दाबून खटक्यात अडकवायचे असतात. कडी कितीजण लावतात? आणि मागच्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचा ब्रेकच नसतो. एका ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा भार. टायर पंक्चर झाला, की उतरून रस्त्याकडेचे दोन दगड चाकाखाली सारायचे. दगड अडवतो, नाही असे नाही. पण चाकाने जोर केला की तो घरंगळतो किंवा फुटतो. आणि काम झाल्यावर ट्रॅक्टर निघून जातो, दगड रस्त्यावरच राहतो. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसत नाही. हंगामात या रस्त्यांनी रात्री गेलेल्या प्रत्येकाने असे दगड चुकवलेले आहेत. ऊसतोडणीला आलेली माणसे, त्यांची पोरे याच ट्रॉल्यांच्या आसपास बसतात, जेवतात, झोपतात. कारखान्यांनी वाहतुकीचे करार करताना प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर दोरी बांधलेले चार लाकडी ठोकळे असलेच पाहिजेत, आणि पेडल जोडायची कडी व खटका तपासल्याशिवाय गाडी काट्यावर घेऊ नये, एवढी अट घातली तरी पुष्कळ होईल. खर्च एका टायरच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही.

मोटारवाल्यांना माझे सांगणे थोडे आहे. केबल वर्षानुवर्षांत ताणते, लायनर झिजतो, आणि लीव्हर दर खेपेला एखादा दात वर येऊ लागतो. किती खटक्यांत ब्रेक लागायला हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याहून जास्त लागत असतील तर मिस्त्रीला दाखवा, हात जास्त जोराने ओढून भागवू नका. मागच्या चाकांना डिस्क असेल आणि घाट उतरून गरम झालेली गाडी लगेच लावली असेल, तर डिस्क निवताना आकसते आणि पकड सैल पडू शकते. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा लीव्हर पुन्हा ओढून घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर हलणार नसेल तर सपाट जागी गिअरात ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा, कारण ओल्या ड्रमला शू गंजाने चिकटतात. २०२० च्या टाळेबंदीत हे पुष्कळांना कळले.

आणि रोजची सवय एवढी बदला. बहुतेक जण पायाचा ब्रेक दाबून धरतात, हँडब्रेक ओढतात, गिअर टाकतात आणि उतरतात. अशाने हँडब्रेक खरोखर धरतो आहे का, हे कधीच कळत नाही. गिअरने धरलेले त्याच्या नावावर पडते. आज थोड्या उतारावर गाडी लावाल तेव्हा गिअर मोकळा ठेवून आधी हँडब्रेक ओढा, मग पायाचा ब्रेक हळूच सोडा आणि गाडी हलते का ते बघा. हलली नाही तर गिअर टाकून उतरा. हलली तर उद्याच गॅरेजात न्या.